खालची गादी

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझा राग अजून तसाच आहे. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत असं आत्या सांगते. मी ठेवते.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असायची. घरच्यांना बोलावणं असायचं, म्हणून आम्हीही कुरुळीहून नवे कपडे घालून यायचो. झेंडूची माळ घातलेल्या मशीनपाशी उभं राहून तुम्ही, साहेब आणि तुमचे दोन दोस्त दिवाळीच्या सुट्टीतली सहल ठरवायचात. कोकणात कुठंतरी दोन खोल्या, चार घरं. पुरुष एका खोलीत, बायका-पोरं दुसरीत. सामान उतरतं, बायकांच्या खोलीत पलंग कमी पडतात आणि कुणी तोंड उघडायच्या आत तुम्ही दारातून सांगता, "आमची ही झोपंल की खाली. तिला चालतंय." साहेबांची बायको म्हणते, वहिनी म्हणजे देवमाणूस. तुमची छाती फुगते. स्वतः मात्र तुम्ही पलंगावर. आई बाथरूमच्या दारापाशी पातळ गादीवर, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे ओले पाय अंगावरून. सकाळी ती भिंतीला धरून उठायची. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अण्णा, तुम्हीच झोपा ना खाली." तुम्ही हसलात आणि म्हणालात, "लई शानी झालीस व्हय? आपल्याच माणसांत कसला हिशोब?" माणसं तुमची होती, अण्णा. पाठ तिची होती. आणि भाडं चारही घरांनी सारखंच भरायचं, हेही तुम्हीच ठरवलेलं.

आता मी आकुर्डीतल्या एका ऑफिसात मोबाइलची ॲप बनवते. गटानं फिरायला गेलेल्यांनी राहण्याचा खर्च कसा वाटून घ्यावा, ते सांगणारी सोय करायचं काम यंदा माझ्याकडे आलं. मॅनेजर म्हणाला, "सरळ सारखे भाग कर ना राव, लोकांना एवढा विचार नको असतो." मी त्याच्याशी कडाकडा भांडले. पलंगावर झोपेल त्याला जास्त, जमिनीवर झोपेल त्याला कमी. आणि जागा ज्यानं त्यानं आपल्या फोनवरून निवडायची, दुसऱ्याच्या वतीनं कुणी नाही. ही अट मी खास तुमच्यासाठी घातली होती. नाव घेतलं नाही इतकंच. मग कुणीतरी विचारलं, एखाद्यानं काही निवडलंच नाही तर? जेवायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "मग उरेल ती जागा त्याची." सगळ्यांनी माना डोलावल्या. वर माझं कौतुकही झालं.

पहिली चाचणी घरच्यांवरच घ्यायची म्हणून दिवाळीत भाऊ-वहिनी, मावशीकडची मंडळी, आई आणि मी कोकणात गेलो. जायच्या आधी सगळ्यांनी पटापट आपापली जागा निवडली. आई चकल्या तळत होती, तिचा फोन चार्जिंगला, तिचं निवडायचं राहूनच गेलं. तिथं पोचलो, तर तिनं बाथरूमच्या दारापाशी चादर अंथरायला घेतली. उरलेली तेवढीच होती. मी बघत राहिले, तर मलाच समजावते, "मला चालतंय गं. पैसं बी कमी आलं की माझं!" खूश होती ती. तुमचं 'तिला चालतंय' मी ॲपमध्ये घालून ठेवलं होतं, अण्णा, आणि इतकं व्यवस्थित की आता तुमची गरजही उरली नव्हती.

मी तिला म्हटलं, "आई, तुला कुठं झोपायचंय?"

"खिडकीपाशी," ती लगेच म्हणाली. "वारा लागतो." जराही विचार करावा लागला नाही तिला.

खिडकीपाशी माझीच जागा होती, ती तिला दिली. सोमवारी ऑफिसात जाऊन तो 'उरेल ती जागा'चा नियम काढून टाकला. आता सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय ॲप पुढं सरकत नाही आणि मॅनेजर रोज कटकट करतो. करू दे. यातून मी तुम्हाला माफ केलं असा अर्थ काढू नका, तेवढं मोठं मन माझं नाही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. तुम्ही जन्मभर तिला तो एक प्रश्न विचारला नाहीत, हे मी इतकी वर्षं मोजत बसले. त्या दिवसापर्यंत मीही विचारला नव्हता.