वीज न वापरण्याचा धंदा : सोलापूर ते सेबू

३ फेब्रुवारी, मंगळवार
बँकेत फॉर्म भरला. ‘व्यवसायाचे स्वरूप’ या रकान्यापाशी दर वेळी अडते. आज लिहून टाकलं : वीज न वापरण्याचा. काउंटरवरच्या बाई हसल्या. “म्हणजे सोलर का?” म्हटलं, नाही हो. उन्हाळ्यात दुपारी विजेची ओढाताण झाली की वीज कंपनी आम्हाला कळवते. आम्ही टॉवेल कारखान्यांना, कोल्ड स्टोरेजना फोन करतो. ते तासा-दोन तासांसाठी मशिनं थांबवतात, त्याचा त्यांना मोबदला मिळतो. कुणाच्या घरची वीज घालवावी लागत नाही. बाई म्हणाल्या, “असं पण असतंय व्हय!”
असतंय. सोलापुरात असतंय. अकरा माणसांची कंपनी आहे आमची.
ऑफिसात आल्यावर पुण्याहून देशमुख साहेबांचा फोन. आमचे गुंतवणूकदार. धंदा वाढवायला बाहेरचा एक देश निवडा, मेअखेर नाव सांगा. “ब्रिटन बघा आधी. तिथं हा बाजार तयार आहे.”
श्रीनिवास एकदम खूश. माझा भागीदार, स्वतःचा टॉवेल कारखाना आहे त्याचा. लगेच आईला फोन लावून तेलुगूत काहीतरी सांगितलं. मला फक्त ‘लंडन’ कळलं.

९ फेब्रुवारी, सोमवार
आठवडाभर ब्रिटनचे नियम वाचले. डोळे गेले. भिंतीवर तीन प्रश्न लिहून ठेवलेत, प्रत्येक देशाला तेच विचारायचे. मोबदला कोण देतं? आमच्यासारख्या तिसऱ्याच माणसाला मध्ये येऊ देतात का? किती वेळात भार कमी करायचा?
पहिल्या दोन्हींना ब्रिटनचं उत्तर चांगलं आहे. तिसऱ्यापाशी बसवराज येऊन उभा राहिला. मैंदर्गीचा, चाळिशीचा, मीटर बसवण्यात याच्यासारखा माणूस नाही. कंपनीतला पहिला नोकर, खरं तर तोच कंपनी.
“किती टायम देतेत, मॅडम?”
“जिथं चांगला मोबदला आहे तिथं सेकंद.”
“इल्ला!” कन्नडमध्ये ‘नाही’ म्हणत जोरात हसला. “लूम म्हंजे काय पंखा हाय का? दणकन थांबिवलं की धागा तुटतोय, टॉवेलवर आडवी रेघ पडतीय. आपण आदल्या दिवशी सांगतो म्हणून तर लोक ऐकतेत की.”
खरंय. तिथं आता मोठमोठ्या बॅटऱ्या लावून काम चालतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. आपली सगळी ताकद माणसाला आधी विचारण्यात.

१७ फेब्रुवारी, मंगळ.
व्हिएतनाम : कारखाने भरपूर, पण मला जेवढं कळलं त्यावरून विनंतीवर बंद करतात, मोबदल्याचं धड काही नाही. जपान : बाजार चांगला, पण कागद सगळे जपानीत आणि कारखानदारांशी पिढ्यांची ओळख असलेल्या कंपन्या आधीच बसलेल्या. आम्हाला दार कोण उघडणार.
फिलिपिन्स. बेटं, समुद्राखालून केबल, मार्च ते मे विजेची टंचाई. टंचाईच्या वेळी ग्रिडवरून बाजूला होणाऱ्याला मोबदला देतात! वाचून खुर्चीतून उठले. मग पुढचं वाचलं. ‘स्वतःचा जनरेटर चालवून.’ आमच्याकडे जनरेटरचा विषयच नाही. आम्ही नुसतं थांबतो.
परत बसले.

१ मार्च, रविवार
दादांना फिलिपिन्सचा नकाशा दाखवला. माझे वडील, निवृत्त होईपर्यंत माढ्याच्या सबस्टेशनवर ऑपरेटर. चष्मा लावून बेटं बघत बसले.
“हितं कोण काढतंय लोड?”
म्हटलं, तुमच्यासारखेच कुणीतरी.
मग बराच वेळ बोलले, एवढं कधी बोलत नाहीत. “आमाला फोन यायचा, अमका फीडर काढा, म्हंजी तेवढ्या गावांची वीज घालवा. काढायचो. पाच मिंटात लोक गेटवर. एक मानूस परीक्षेच्या पोरीला घिऊन आलता, म्हनला, हिला सांगा तुमीच. काय सांगनार. मी जल्मात कुनाला इचारलं न्हाय, तुमची घालवू का म्हनून. इचारायची सोयच नव्हती.” मग माझ्याकडं न बघता, “तू इचारून काढतीस. हे लई मोठं काम हाय, वैशाली.”
आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं असणार, भांड्यांचा आवाज थांबला होता.
मी शिकले तेव्हा, नोकरी सोडली तेव्हा, कंपनी काढली तेव्हा, कधी असं बोलले नव्हते.

४ मार्च, बुधवार
श्रीनिवासला सांगितलं, ब्रिटन नको, फिलिपिन्स. जनरेटरच्या अटीचं तिथं जाऊन विचारू. कडाक्याचं भांडण. “लोकं विचारतील, कुठं गेलात? काय सांगू, बर्फाच्या कारखान्यात?” (तिथल्या सेबू बेटावर बर्फाचे कारखाने खूप आहेत, मासळीसाठी. मी तिथूनच सुरुवात करा म्हणत होते.) मी म्हटलं, तुझ्या लूमला सेकंदात थांबवून दाखव, उद्या लंडनचं तिकीट काढते. तसाच कारखान्यावर निघून गेला.
बसवराजचा पासपोर्ट आला. फोटो बघून स्वतःच म्हणाला, चोर दिसतोय.

१७ मार्च, मंगळ. सेबू
घाम सोलापूरचाच, फक्त खारट वारा जास्त.
सकाळपासून बर्फाच्या कारखान्यात. मॅनेजर लोर्ना, पन्नाशीच्या, गमबूट घालून फिरतात, आवाज खणखणीत. मी इंग्रजीत नियम समजावत होते, त्या मान हलवत होत्या, पण लक्ष माझ्याकडं नव्हतं. बसवराजकडं होतं. तो मिठाच्या पाण्याच्या टाकीत थर्मामीटर सोडून स्टुलावर बसला होता. त्याच पाण्यात डबे बुडवून बर्फ होतो. खुणेनंच कॉम्प्रेसर बंद करायला लावला. दर दहा मिनिटांनी आकडा वहीत.
दोन तास. पाणी जेमतेम कोमट... कोमट कसलं, गारच. बर्फाला काही झालं नाही.
लोर्नांनी वही हातात घेतली. मराठी आकडे त्यांना वाचता येईनात, बसवराजनं बोटांवर सांगितले. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, “हे माझ्या मालकाला वीस वर्षं माहीत नव्हतं.”
दुपारी त्यांनी मासे वाढले. बसवराजनं हात जोडून पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. त्यांनी चाखली, डोळ्यातून पाणी, परत मागितली.

१९ मार्च, गुरु. सेबू
इथल्या वीज खात्यातल्या, ज्यांच्या सहीवर सगळं अडलंय त्या साहेबांची भेट. शांत माणूस. पहिलाच प्रश्न : “तुमचे जनरेटर किती?”
“एकही नाही.”
“मग आमच्या नियमात तुम्ही बसत नाही.” फाईल मिटली.
मग लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. गेल्या उन्हाळ्यातली आमच्या कारखान्यांची एक दुपार. ठरल्या वेळी भाराची रेघ खाली येते, तासाभर खालीच राहते, मग हळूहळू वर. एकानंही शब्द मोडला नाही त्या दिवशी.
त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. “तुम्ही फोन केला म्हणून ही माणसं मशिनं थांबवतात?”
“आदल्या दिवशी विचारतो. आणि गरज नसताना कधी फोन केला नाही.”
“हे कुठलं शहर?”
सोलापूर. दोनदा विचारलं त्यांनी, कागदावर लिहून घेतलं. ती अक्षरं मी टेबलाच्या या बाजूनं उलटी वाचली.
चाचणीला परवानगी. तीन बर्फ कारखाने, उन्हाळा संपेपर्यंत, मोबदल्याशिवाय. निकाल बघून नियमाचं बघू म्हणाले.

२ एप्रिल, गुरु.
देशमुख साहेब व्हिडिओवर, कपाळाला आठ्या. मोबदल्याशिवाय? दुसऱ्याच्या देशात फुकट? मी तोंड उघडायच्या आत श्रीनिवास बोलला. महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.
“साहेब, लंडनचं याड मलाच होतं. परवा मी माझ्या कारखान्यात एक लूम झटक्यात बंद करून बघितला. टॉवेल फेकून द्यावा लागला. वैशाली म्हणते तेच आपल्याला येतं. जे येतं ते घेऊन जाऊ.”
मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते.
साहेब : मेअखेर निकाल दाखवा, मग ठरवू.

६ मे, बुधवार
चाचणीची पहिली हाक. तिथं दुपारी दीड, इथं अकरा. तिघं स्क्रीनसमोर. पहिला कारखाना खाली आला. दुसरा आला. लोर्नांचा तिसरा, जिथं आम्ही सगळ्यात आधी गेलो तोच, हलेना.
फोन केला. मागं गलका. धक्क्यावर होड्या लागल्यात, कोळी बर्फासाठी रांगेत, मासळी सडेल. “आज मला नाही जमत, मॅडम.”
म्हटलं, नका थांबवू. त्यांचं पोट आहे.
दुपारी सेबूच्या साहेबांना पाठवायचा अहवाल. देशमुख साहेबांचं म्हणणं, तिन्हींची सरासरी द्या, एकूण आकडा वाईट दिसत नाही. नाही दिली. तीनपैकी दोन आले, एक का आला नाही, सगळं जसंच्या तसं पाठवलं. बसवराज म्हणाला, “बरोब्बर. मीटर खोटं बोलत न्हाई, आपण कशाला बोलायचं?”

१४ मे, गुरु.
दुसरी हाक. मी लोर्नांना धरलंच नव्हतं. दीडच्या ठोक्याला सगळ्यात आधी त्यांचीच रेघ खाली! मग दुसरी, तिसरी. पूर्ण दोन तास. ऑफिसात आरडाओरडा. शेजारच्या शेडमधले लोक बघायला आले.
नंतर कळलं. काल आमचा निरोप मिळाल्यावर त्यांनी प्रत्येक होडीवाल्याला स्वतः फोन केला. उद्याचा बर्फ सकाळीच न्या, दुपारी मी दोन तास बंद. सगळे सकाळी आले. आम्ही त्यांना असं करा म्हणालोच नव्हतो.
आम्ही कारखान्यांना विचारलं, त्यांनी होड्यांना विचारलं. घरी येऊन दादांना सांगितलं तर दोनदा सांगायला लावलं.

२७ मे, बुधवार
सेबूच्या साहेबांचं पत्र. जनरेटरची अट बदलावी का, यावर सुनावणी घेणार, आम्ही म्हणणं मांडायला यावं. सुनावणी कधी, ते लिहिलेलं नाही. अट बदलेल असंही नाही. आमचा पहिल्या दिवसाचा अहवाल मात्र त्यांनी जोडलाय, आणि लिहिलंय की तो वाचून दुसऱ्या दिवसाच्या अहवालावर विश्वास ठेवता आला.
हे वाक्य प्रिंट काढून बसवराजला दिलं. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.
देशमुख साहेब रविवारी येणार. काय ठरवतील, अंदाज नाही. श्रीनिवासला वाटतं हो म्हणतील. मला नाही सांगता येत.
दुपारी लोर्नांचा मेसेज. शेजारच्या दोन बर्फ कारखान्यांचे मालक त्यांच्याकडं आले होते, हे कसं करता म्हणून विचारत. त्यांनी टाकीत थर्मामीटर सोडून दाखवलं. आता ते विचारतात, तुम्ही कुणाच्या. ‘मी सोलापूरच्या कंपनीची आहे असं सांगू का?’
श्रीनिवास खांद्यावरून वाचत होता. “अजून काहीच ठरलेलं नाहीये.”
“माहितीय.”
लिहिलं : हो, सांगा.