उलटं पातं

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

वडिलांची जुनी करवत आज सांगाड्याचा गंज काढून जोडली, कोन धरणाऱ्या पेटीत बसवली. लाकूड कापेचना! पातं धार लावायला महिनाभर पिंप्राळ्याला नानांकडे होतं. नाना म्हणजे वडिलांचे दोस्त, मुरलेले सुतार. मुरलेले, म्हणूनच शंका. चहाला आले तेव्हा विचारलंच, "नाना, पातं बदललं का हो?"

खुर्चीतूनच एक नजर टाकून म्हणाले, "उलटं शे रे भाऊ."

मला वाटलं, मलाच उलटून बोलतायत. म्हणालो, "चोराच्या उलट्या बोंबा!"

चहा तसाच ठेवून गेले.

आत्ता पाहतो तर दाते खरंच उलट्या दिशेला. पातं अडकवलं कुणी? मीच. उद्या जाऊन पाय धरायचे. धरीन. पण हातही न लावता, इतक्या लांबून, त्यांना कळलं कसं?