भात वाढला

अण्णा,

उद्या चिंचवडला तुमच्या नावाच्या वाचनालयाचं उद्घाटन आहे आणि मुलगी म्हणून मला चार शब्द बोलायला बोलावलंय. ‘थोर पंडित, अद्भुत कादंबऱ्यांचे लेखक आणि एक अख्खी बोली निर्माण करणारे प्रतिभावंत’ असं निमंत्रणपत्रिकेत छापलंय. ती बोली कुणाची होती ते तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे. जिची होती तिला तुम्ही बोलू दिलं नाहीत.

मला एक दुपार आठवते. पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांतली. पुण्याहून तुमचे प्राध्यापक मित्र आलेत, ओसरीवर पंगत बसलीय, आई उंबऱ्याआड उभी आहे. एक जण आणखी भात मागतात. भात संपलाय, पण ‘संपलं’ हा शब्द आईच्या तोंडी नव्हताच. घरातली वस्तू सरली तरी ती वाढली म्हणायचं, अशुभ बोलायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. ती आतून सांगते, “भात वाढला, भावजी. भाकर हाय.” प्राध्यापक रिकामं ताट पुढे करतात, “वाढला कुठे वहिनी? दिसत तर नाही.” सगळी पंगत हसली. तुम्हीही हसलात. अण्णा, तुम्हाला कळलं होतं. तुम्ही मावळातल्याच शेतकऱ्याच्या पोटचे, तुमच्या आईनेही हेच म्हटलं असतं. पण पुण्यात शिकून जीभ घासूनपुसून आलात आणि चारचौघांत न कळल्याचं सोंग केलंत. पाहुणे गेल्यावर आत येऊन म्हणालात, “अडाण्यासारखं बोलून माझी शोभा करू नकोस. लोक असताना तोंड उघडायचं नाही.” आई म्हणाली, “न्हाई उघडत.” आणि तिनं ते पाळलं. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना माझ्या सासूबाईंना वाटलं होतं की विहीणबाई मुक्या आहेत.

त्याच वर्षी मामा आला. कारखान्यासाठी त्याचं रान गेलं होतं. चुलीपाशी बसला, पाण्याचा तांब्या हातात तसाच. “आक्का, रान वाढलं,” म्हणाला. आईचे पिठाचे हात थांबले. “समदं?” “समदं.” तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी उलटली नाही. तुम्ही दारात उभे होता. मला वाटलं, आता मामाच्या खांद्यावर हात ठेवाल. तुम्ही तुमच्या लिहायच्या खोलीत गेलात.

मग तुमची ती गाजलेली कादंबरी आली. डोंगराच्या पोटात राहणारे लोक, मरणाला इतके भिणारे की प्रत्येक वाईट गोष्ट उलट्या शब्दांत सांगणारे. त्यांचा राजा राज्य गमावून घरी येतो आणि राणीला एवढंच म्हणतो, “रान वाढलं.” वाचणारे रडले म्हणे. भात मागणाऱ्या त्याच प्राध्यापकांनी लेख लिहून तुमच्या शब्दसामर्थ्याची आरती ओवाळली. आणि सत्काराला उत्तर देताना तुम्ही सांगितलंत की ही बोली तुम्हाला जुन्या प्राकृत पोथ्यांतून सुचली. पोथ्यांतून म्हणे. तुमची पोथी तेव्हा मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिला ते पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ह्ये तर तुजा मामा बोलला हुता.” मग बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. चोर निदान तोंड लपवतो, तुम्ही गळ्यात हार घालून घेतलेत. तुमच्या विद्वत्तेबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती असेल. पण त्या पातेल्याची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं.

तुम्ही गेलात तेव्हा दारात ही गर्दी. तेच प्राध्यापक हात जोडून आईपुढे आले. “वहिनी, आमचे अण्णासाहेब…” म्हणाले. मला वाटलं, आई नेहमीसारखी गप्प राहील. तिनं मान वर केली, त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, “संपलं त्ये.” जिनं जन्मात कधी मिठाच्या बरणीलाही संपली म्हटलं नाही, तिनं. त्या माणसाला काही कळलं नाही. मला कळलं आणि, खरं सांगते, बरं वाटलं.

उद्या मी हे सगळं सांगणार आहे, भातासकट आणि मामाच्या रानासकट. मग त्यांनी पाटीवर काय लिहायचं ते लिहावं. हे पत्र काही कुठे टाकायचं नाही, बोलण्याचा सराव म्हणून लिहायला बसले. शेवटी आईचा तो ‘संपलं’ शब्द सांगायचा, असं ठरवलंय. सकाळपासून तो मोठ्यानं म्हणून बघतेय. आईला जमला. माझ्या तोंडून तुमच्यासाठी तो निघत नाही, अण्णा. दर वेळी ‘वाढले’ असंच येतं.