आमच्या गोलकीपरचे पांढरे कपडे

तीनढुंगे टोल, पाटण
चैत्र १२, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय भिनाजू मुक्तिनाथ दहाल यांना, त्यांच्या पत्नीच्या एकुलत्या एका भावाचा, म्हणजे पुण्यराजचा, वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? दिदी म्हणते, घरचा जिना चढताना कुरकुरतो, पण स्टेडियमच्या पायऱ्या चढताना गप्प असतो. तेव्हा फार काळजीचं नसावं. आम्ही सगळे खुशाल आहोत. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मी फोनवर फुटबॉलचा फ काढला की तुमच्याकडची रेंज जाते (दहा वर्षं जाते आहे), आणि दिदी आज माहेरी आलीच आहे, म्हणून तिच्याच हाती हे पाठवतो. तुम्ही चालवता त्या क्लबाचं मनापासून अभिनंदन. लीगमध्ये पाचवे आहात, वर जायची घाई नाही, खाली पडायची भीती नाही, अगदी पेन्शन घेतलेल्या माणसासारखं सुख. आमचं तसं नाही. दशैंच्या सणाला कपाळावर टिळा लावताना तुम्ही माझ्या कानात म्हणालात, ‘पुढच्या वर्षी बी डिव्हिजनमध्ये सुखी राहा.’ मोठ्यांचा आशीर्वाद वाया जात नाही म्हणतात, तो जवळजवळ फळला आहे, आणि तेच सांगायला बसलो आहे.

तुम्हाला सुदन खड्का माहीतच आहे, आमचा स्ट्रायकर, ज्याने तुम्हाला मागच्या वर्षी दोन गोल मारले (एक ऑफसाइड होता, आता कबूल करतो). गेल्या वैशाखात त्याची आई गेली. पोराने बर्खी धरली आणि तीही अशी तशी नाही. वर्षभर अंगावर पांढऱ्याशिवाय धागा नाही, चामड्याला शिवायचं नाही. आता आमच्या क्लबाचे कपडे लाल. मी सचिव या नात्याने सभेत सुचवलं की एक वर्ष सगळा संघच पांढऱ्यात खेळवू. त्यावर अध्यक्ष म्हणाले, ‘अकरा जण पांढऱ्यात मैदानात उतरले तर लोक तिकीट काढून भेटायला येतील, आणि जाताना काही लागलं तर सांगा म्हणतील.’ सभा तिथेच संपली. सुदनने हे वर्ष बाहेर बसायचं असं ठरलं, आणि स्ट्रायकरशिवाय लीगला सामोरं जायचं म्हणून मी दोन दिवस नीट जेवलो नाही (दिदीला विचारा. नको, विचारू नका).

तेवढ्यात आमच्या गोलकीपरचा पोर्तुगालचा व्हिसा आला. लीग सुरू व्हायला आठ दिवस राहिलेले, आणि हा विमानतळावरून फोन करून शुभेच्छा देतो. जाताना क्लबाचे हातमोजेही घेऊन गेला. तिकडे कुठल्याशा मळ्यात रास्पबेरी तोडतो आहे, हातमोजे उपयोगी पडत असतील. राखीव गोलकीपरचं बोट मोडलेलं. मी डोक्याला हात लावून बसलो असताना आमचे कोच शांतपणे म्हणाले, ‘सचिवसाहेब, संघात एकट्या गोलकीपरचे कपडे वेगळ्या रंगाचे असतात.’ हे वाक्य मी क्लबाच्या भिंतीवर रंगवून घेणार आहे.

पण चामड्याचा प्रश्न राहिलाच. पूर्वी सुदन चेंडू लाथाडायचा, आता छातीशी धरणार. त्याच्या काकूने पुरोहितांना आणून क्लबात बसवलं. हल्लीचे चेंडू प्लास्टिकचे असतात हे सिद्ध करायला मी उत्साहाने एक चेंडू सुरीने कापून दाखवला. तो निघाला अस्सल चामड्याचा, कारण तो आमच्या संस्थापकांनी जिंकलेल्या पहिल्या ढालीबरोबरचा, काचेच्या कपाटातला चेंडू होता. (कपाट उघडं कुणी ठेवलं याची चौकशी चालू आहे. चौकशी समितीवर मीच आहे.) मग नव्यापैकी एक कापला, पुरोहितांनी आतबाहेर बोट फिरवून पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली.

पहिल्या सामन्यात चार गोल खाल्ले. त्यातला तिसरा असा की सुदन चेंडू अडवून सवयीने तसाच पळत सुटला, अर्धं मैदान ओलांडल्यावर त्याला आठवलं की आपण गोलकीपर आहोत. पण पोरगा शिकला. स्ट्रायकर कुठे मारणार हे स्ट्रायकरलाच कळणार ना. शिवाय एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आई गेलेला पोरगा डोळ्यांसमोर पांढऱ्या कपड्यांत उभा, त्याच्यावर कुणाला जोरात मारवत नाही. सहाव्या सामन्यात एकाने गोल केला आणि नाचायचं सोडून सुदनच्या खांद्यावर हात ठेवून ‘आमा किती वर्षांच्या होत्या?’ असं विचारत उभा राहिला. रेफ्रीलाच त्याला ओढून न्यावं लागलं. पुढच्या एका सामन्यात समोरच्या कोचने तर लेखी तक्रार केली की आमच्या गोलकीपरच्या दुःखाचा आम्ही गैरफायदा घेतो.

त्याची आई, इंद्रकुमारी, कायम गोलच्या मागे बसायची, पदरात भाजलेले भटमास, म्हणजे सोयाबीनचे दाणे, घेऊन, हे तुम्हीही पाहिलं असेल. तिला फुटबॉल शेवटपर्यंत कळला नाही. सुदनला म्हणायची, ‘अरे, बाकीचे वेड्यासारखे पळतात, तो एकटा शहाणा सावलीत उभा असतो, कपडेही त्याला वेगळे देतात. तुला तिथे उभं राहायला काय होतं?’ आता पोरगा तिथे उभा आहे आणि ती नाही. मला फार वाईट वाटतं, भिनाजू. सचिवाने असं लिहू नये, पण वाटतं.

तर बारा सामने झाले. शेवटून दोन खाली जाणार, आम्ही शेवटून तिसरे. शनिवारी शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली तरी वाचलो.

भाच्यांना आशीर्वाद. गुडघ्याला मोहरीचं तेल कोमट करून लावा.

तुमचा मेहुणा,
पुण्यराज सिलवाल

ता. क. एक लहानशी गोष्ट लिहायची राहून गेली. शनिवारचा सामना तुमच्याशीच आहे आणि लीगमध्ये पांढरे कपडे घालणारा संघ एकच, तो तुमचा. गोलकीपर आणि समोरचा संघ एका रंगात चालत नाहीत, सुदनचे कपडे बदला असं रेफ्रीने आधीच कळवलं आहे. बर्खी वैशाखात फिटते. मी त्याला म्हटलं, नव्वद मिनिटांपुरतं पिवळं घाल, आईला कळेल. तो म्हणाला, ‘अकरा महिने धरलं, ते शनिवारी सोडू? त्यापेक्षा बाहेर बसतो.’ तो बाहेर बसला तर आम्ही बुडालो, हे तुम्हाला माझ्याइतकंच कळतं. तुमचे दुसरे निळे कपडे आहेत. हात जोडतो, ते घाला. आम्हाला हरवायचं असेल तर निळ्यात हरवा.

ता. क. २. दिदीने पत्र वाचलं आणि पोट धरून हसली. म्हणाली, ‘हात कशाला जोडतोस? मी सकाळीच भिजत घालून आले.’ तुमच्या संघाचे कपडे सतरा वर्षं तीच धुते, हे मला आठवायला हवं होतं. त्यांच्याबरोबर बादलीत तिने तीजच्या सणाची लाल साडी टाकली आहे, तुम्ही शपथेवर पक्क्या रंगाची म्हणून आणलेली. एव्हाना सगळं गुलाबी झालं असेल, आणि गुलाबी आमच्या लालाजवळ रेफ्री चालू देणार नाही. निळे इस्त्री करून कपाटात वरच्या फळीवर ठेवले आहेत. रागावायचं असेल तर साडीच्या दुकानदारावर रागवा, असा तिचा निरोप आहे.

ता. क. ३. इंद्रकुमारी आणि दिदी एका बाकावर शिकल्या, ते तुम्हाला माहीत आहे. शनिवारी दिदी सुदनच्या गोलमागे इंद्रकुमारीच्या जागेवर बसणार आहे, भटमास आत्ताच माझ्या चुलीवर भाजते आहे. शेजारची जागा तुमच्यासाठी धरते म्हणाली. मात्र तुमचा गोल झाला तर टाळी वाजवायची नाही.