कॉफीच्या टेबलामागची बाई

बॅटल लेक, मिनेसोटा
१४ जानेवारी २००८

चि. सौ. अर्डिस हिस,
ओर्विनदादाचे अ. उ. आ., आणि सोबत ओंजळभर बर्फ. ॲरिझोनाच्या उन्हात तुम्ही दोघं फार सुकला असाल म्हणून.

इकडे क्षेम. तळं गोठून कोऱ्या पाटीसारखं झालंय. सकाळी खिडकीशी उभा राहिलो की शाळेत पाठ केलेल्या हिवाळ्याच्या कविता ओठांवर येतात आणि हातातली कॉफी निवून जाते.

आता बातमी. मी मोठा रुंद टीव्ही घेतला, आणि त्याच्या जोडीला डीव्हीडी प्लेअर. साधा नव्हे, अपस्केलिंगवाला. दुकानदार म्हणाला की जुन्या तबकडीतलं चित्रसुद्धा हा घासूनपुसून नव्या पडद्याच्या तोलाचं करतो.

कशासाठी घेतला ते तू ओळखलंच असशील. हॅरल्डकाकांच्या मुलीने, मर्नाने, त्यांच्या जुन्या फिल्मची तबकडी करून दिलीय. त्यात चर्चची सहल आहे, आणि कॉफीच्या टेबलामागे दोन बायका उभ्या आहेत. एक आपली आई, दुसरी तिची बहीण सेल्मामावशी. दोघी एकाच चणीच्या, आणि अंगात कोंबड्यांच्या खाद्याच्या छापील सुती पोत्यांतून शिवलेले, एकाच फुलाफुलांच्या कापडाचे झगे. चेहऱ्यांच्या जागी नुसते पिठाचे ठिपके!

आई गेली तेव्हा मी जेमतेम चार-पाच वर्षांचा, आणि तू तर धड चालतही नव्हतीस. तुझ्याकडे तिचा लग्नातला फोटो आहे, पण त्यात ती फोटोग्राफरला भ्यायल्यासारखी ताठ बसलीय. हलणारी, चालतीबोलती आई तुला एकदा दाखवावी, एवढंच माझ्या मनात उरलंय. डावीकडची तीच आई, असं मला वाटतं. पण नुसतं वाटून भागत नाही. तुला चुकीची आई दाखवून कसं चालेल?

लाइलरावांना नमस्कार. हसू नका म्हणावं.
तुझा,
ओर्विनदादा


मेसा, ॲरिझोना
२७ जानेवारी २००८

ति. दादास,
अर्डिसचा शि. सा. न. साष्टांग मात्र मनातल्या मनात. खुबा वाकू देत नाही.

हसू नका म्हणावं, हे वाचायच्या आधीच तुझे लाइलराव इतके हसले की शर्टावर कॉफी सांडली. जन्म टेलिफोन कंपनीत गेल्यामुळे तारांच्या गोष्टी आल्या की हा माणूस प्रवचनालाच बसतो. त्याचं म्हणणं असं, की तबकडीत जेवढे ठिपके आहेत तेवढेच आहेत. तुझं यंत्र दोन ठिपक्यांच्या मध्ये तिसरा घालतं, आणि तो कसा असेल ते शेजाऱ्यांकडे बघून ठरवतं, म्हणजे अंदाजच. कडा जरा मऊ होतात, तिरक्या रेघांच्या पायऱ्या मोडतात, विकतच्या सिनेमाचं चित्र थोडं नेटकं दिसतं. पण कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते यंत्र कुठून आणणार? शिवाय असलं काम नवा टीव्ही स्वतःही करतोच म्हणे. मेहुण्याने कवितेच्या भरात खरेदी केली, असा शेरा मारला त्याने. मीही विचारलं, की पाठ रगडणारी खुर्ची तू कोणत्या भरात आणलीस, जिच्यावर आता आपला टॉवेल वाळतो?

दादा, मनाला फार लावून घेऊ नकोस. आईवाचून मी निभावलं सगळं. पण तुझ्यापासून काय लपवायचं? आरशात बघताना अजून मनात येतं, की यातलं तिचं काही आहे का. कुणाला विचारणार? सेल्मामावशी होती तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

माया आहे तशीच राहू दे.
अर्डिस


बॅटल लेक
११ फेब्रुवारी २००८

चि. सौ. अर्डिस हिस,
अ. उ. आ.

लाइलरावांना सांग, प्रवचन आवरा! तबकडी लावली आणि मी खुर्चीतून अर्धा उठलोच. एल्मच्या झाडाची पानं सुटीसुटी दिसतात. डावीकडच्या बाईच्या गळपट्टीची झालर दिसते. चेहरा अजून धुक्यात आहे, पण धुकं विरळ होतंय, याची मी शपथ घेईन. ती किटली उचलते, मान कलती करते. तीच आपली आई! आता मी रोज न्याहारीच्या वेळी तबकडी लावतो आणि तिला सुप्रभात म्हणतो. एकदा डोळे इतके भरले की टोस्ट करपला.

शेजारच्या ग्लेनलाही दाखवलं. तो म्हणाला, काही फरक दिसत नाही. पण तो मोतीबिंदूचा माणूस, त्याचं काय धरायचं!

तू लवकर ये. लोभ वाढता ठेवायची आठवण तुला करावी लागत नाही, हे माझं भाग्य.
ओर्विनदादा


मेसा
१६ मार्च २००८

ति. दादास,
शि. सा. न.

खुब्याची शस्त्रक्रिया बरी झाली, पण डॉक्टर म्हणतात, प्रवास उन्हाळ्यात. तिकडे आमच्या उन्हाळ्यातल्या घराचा नळ थंडीने फुटलाय, म्हणून लाइल एकटाच पुढे येतोय. तुझ्याकडे जेवायला येईल. ओव्हनमधल्या तुझ्या त्या हॉटडिशमध्ये मीठ बेताचं घाल.

निघण्यापूर्वी त्याने एकच विचारायला सांगितलंय. तू प्लेअर जोडलास तो पिवळ्या टोकाच्या जुन्या तारेने का? तसं असेल तर अपस्केलिंग झालेलंच नाही म्हणे. ते फक्त चपट्या टोकाच्या नव्या तारेतून होतं. रागावू नकोस. मी त्याला बजावलंय, की माझ्या भावाची टिंगल करायचा हक्क फक्त माझा.

तुझीच,
अर्डिस


बॅटल लेक
९ एप्रिल २००८

चि. सौ. अर्डिस हिस,
अ. उ. आ. आज अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

पिवळीच तार होती गं. चपटी तर खोक्यातच, पिशवीसुद्धा न फोडलेली. म्हणजे झालर, पानं, विरळ धुकं, सगळं माझ्याच डोळ्यांनी घातलेलं! लाइलरावांनी नवी तार लावली. कडा मऊ झाल्या खऱ्या, पण चेहरे पिठाचे ते पिठाचेच. लाइलराव हसले नाहीत, ही त्यांची थोरवी.

मग रिमोट चाळताना ते ओरडले, की हे काय करून ठेवलंय? अगं, जुनं चित्र चौकोनी, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. एवढा रुंद टीव्ही घेऊन पट्ट्या का बघायच्या, म्हणून मी पहिल्याच दिवशी चित्र मोठं करून पडदा भरला होता. त्यात वरचा आणि खालचा भाग कापला जात होता. जुन्या टीव्हीतही कडा झाकलेल्याच असायच्या म्हणे. लाइलरावांनी पट्ट्या परत आणल्या, आणि टेबलाखाली दोघींचे पाय दिसले.

डावीकडची दोन्ही पाय रोवून उभी. उजवीकडची एका पायावर, बगळ्यासारखी. दुसऱ्या पायाचा चवडा गुडघ्यामागे टेकवलेला. कॉफी ओततानाही तशीच, आणि मध्येच पाय बदलते.

लाइलराव टेबलावर थाप मारून हसायला लागले, म्हणाले की ही तर अर्डिस! भांडी घासताना ती अशीच उभी असते, लग्न झाल्यापासून बघतोय, डॉक्टरांनी आत्ता कुठे बंदी केलीय. आपल्या सासूला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, अर्डिस. आणि त्यांनीच तिला ओळखलं.

म्हणजे हिवाळाभर मी सेल्मामावशीला सुप्रभात म्हणत होतो. ती वर बसून हसत असेल.

तबकडी लाइलरावांबरोबर पाठवतोय. चेहऱ्यात शोधू नकोस.
तुझा,
ओर्विनदादा


मेसा
२० एप्रिल २००८

ति. दादास,
शि. सा. न.

तबकडी काल पाहिली. आमच्या छोट्या, जुन्या टीव्हीवर टेबलाखालचं काही दिसेना, तेव्हा लाइल शेजाऱ्यांचा नवा टीव्ही उचलून घेऊन आला. त्यांना कारण काय सांगितलं कोण जाणे.

मी असं उभी राहते हे मला ठाऊकच नव्हतं, दादा. स्वतःला मागून कोण बघतं? तुम्हा कुणाला ते सांगावंसं वाटलं नाही, कारण तुम्हाला ती माझीच खोड वाटली.

चित्र संपल्यावर काठीचा आधार सोडून मी ओट्याशी गेले आणि दुखऱ्या खुब्याचा पाय हळूच वर घेतला. लाइल धावत आला, डॉक्टरांचं नाव घेऊन ओरडायला लागला. मी त्याला म्हटलं, जरा थांब, आईला पाय बदलू दे.

तुझी,
अर्डिस