फौजदाराच्या पोटातली कवळी

प्रिय भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद घ्या, आणि घेताना खुर्चीतून उठलात तर उत्तम, तेवढीच कंबर मोकळी होईल. इकडे सगळे खुशाल. (हेच वाक्य परवा लिहिलं असतं तर खोटं ठरलं असतं, म्हणून आज लिहितेय.) तुमचं कसं आहे? रोपवाटिकेला पाणी पुरतंय ना? जेवण अजून पातळच का? चावायचं जमत नसलं तरी बोलायचं जमतंय, ते फोनवर कळतंच म्हणा.

तर तुमचे दादा गेल्यावर मला सोबत म्हणून तुम्ही एक मासा आणला होतात, आठवतो? बोटाएवढा. दुकानदार म्हणाला, हा एवढाच राहतो आणि काचा चाटून साफ ठेवतो. नुसतं पान बघून झाडाची सात पिढ्यांची ओळख सांगणारे तुम्ही, माशापुढे मात्र मान डोलावून मोकळे झालात! आपल्या डॉक्टरने, म्हणजे माझ्या लेकाने, दात दाखवायला येणाऱ्या पेशंटांचा जीव रमावा म्हणून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत माशांची मोठी काचेची पेटी ठेवलीय, तिच्यात मी त्याला सोडला. मी तिथेच टेबलाशी बसून नंबर पुकारते, तेव्हा सोबत झाली.

काच काही त्याने चाटली नाही. पेटीतले पट्ट्यापट्ट्यांचे मासे मात्र कमी कमी होत गेले. (मदतनीस बाईंवर संशय घेऊन झाला. त्या बिचाऱ्या मासे खातच नाहीत.) शेवटी हा एकटाच उरला, हातभर लांब, पोट सुटलेला, मिशा पसरून असा ऐटीत की मी त्याचं नाव फौजदार ठेवलं. जात कुठली ते कुणाला कळेना. आपला डॉक्टर म्हणाला शार्क असेल, बाई म्हणाल्या वाम. मी मिशा मोजल्या, सहा भरल्या, पण सहा मिशांचं आपल्या ओळखीत कुणी नसल्यामुळे गाडी तिथेच अडली. पण भाऊजी, त्याच्याशी बोलून बरं वाटायचं हो. मी सुरू झाले की काचेजवळ यायचा आणि मध्ये एक शब्द बोलायचा नाही. तुमचे दादा पेपरामागून ऐकायचे, अगदी तसं.

आता घोटाळा ऐका. एका पेशंटची कवळी तयार होऊन आली होती. (नाव विचारू नका, पेशंटचं बाहेर सांगायचं नसतं.) बिचारे कधीपासून वाट बघत होते आणि डॉक्टरने माप जुळेना म्हणून ती मोडून पुन्हा करून घेतली होती. दुपारी दवाखाना रिकामा. मी पेटीचं झाकण काढून फौजदाराला खायला घालत होते आणि कवळी समोर टेबलावर. मला राहवतंय होय? वरची एका हातात, खालची दुसऱ्या, पेटीवर धरून उघडझाप केली आणि त्या गृहस्थांच्या आवाजात फौजदाराला झापायला लागले, "नळ कोणी चालू ठेवला? पाणी काय झाडाला लागतं?" एरवी ऐकून घेतो. त्या दिवशी पटलं नसावं. गपकन आवाज झाला, माझ्या तोंडावर पाणी उडालं, आणि वरची गेली.

डॉक्टर धावत आला. मी म्हटलं, "अरे, खालची आहे की."

"आई, नुसत्या खालचीने त्यांनी चावायचं कसं?" म्हणाला आणि चाकू काढला. (दातांच्या डॉक्टरचा चाकू तो केवढा, पण धार बघाल तर!)

मी पेटीला पाठ लावून उभी राहिले. "आधी मला काप."

"आई, मासा आहे तो!"

"तुझा मासा असेल. माझी सोबत आहे."

शेवटी त्याने मत्स्यालयातल्या माशांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, पाठ काळी? बाजूला पांढरा पट्टा? शेपूट विटेसारखं लाल? मी तिन्हीला हो म्हटलं. म्हणाल्या, "आजी, हा रेड टेल कॅटफिश. पलंगाएवढा होईल. तोंडात मावेल ते गिळतो, पण नको असलेलं बहुतेक ओकतो. कापू नका, छेडू नका, दिवा बंद ठेवा. नाहीच ओकला तर माझ्याकडे आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे शिंपीबुवा गाल सुजवून दाढ काढायला येऊन बसले. मी त्यांचा नंबर पुकारणार तेवढ्यात फौजदाराने अंगाला झटका दिला, तोंड वासलं, कवळी पुढे आली आणि ओठांत अडकली. तशीच बत्तिशी दाखवून तो शिंपीबुवांकडे बघून हसला हो! "माझी दाढ थांबली," म्हणाले आणि चप्पल विसरून गेले. मी आणि डॉक्टर जमिनीवर बसून इतके हसलो, इतके हसलो, की मला मग रडूच आलं. कवळी शाबूत, फौजदार शाबूत. छातीवरचा धोंडा उतरला.

पण डॉक्टर म्हणतो, फौजदार आता दवाखान्यात नको. त्याचंही खरं आहे. एवढ्याशा पेटीत त्याला धड वळता येत नाही.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जपा.

तुम्हाला छळायचा हक्क सोडून न दिलेली,
वहिनी

ता. क. सोबतचं पार्सल जपून उघडा. तुमची नवी कवळी आहे. हो, तीच. डॉक्टरने औषधात बुडवून बुडवून अशी शुद्ध केलीय की वाससुद्धा येत नाही. (मी घेऊन बघितला. जवळजवळ नाही.)

आणखी ता. क. फौजदार रविवारी टेम्पोने तुमच्याकडे येतोय. काचघरातला तुमचा मोठा हौद डॉक्टरीणबाईंना फोटोत पसंत पडलाय, पाणी कोमट ठेवायचं कसं ते त्या येऊन सांगतील. तुम्ही आनंदाने हो म्हणालात असं मी डॉक्टरला सांगून टाकलंय, तेव्हा त्याचा फोन आला की तसंच म्हणा. मागोमाग मीही येतेय राहायला. तोवर त्याच्याशी दोन शब्द बोलत जा, बिचाऱ्याला सवय आहे. फक्त हौदावर वाकताना कवळी काढून ठेवा.