मोजमाप, कंट्रोल आणि आपली कुंदा

घाटकोपर,
सोमवार, १६ डिसेंबर १९५७

तीर्थस्वरूप दादा यांचे चरणी,

धाकटा भाऊ मार्तंड याचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. थंडीने तुमचा गुडघा पुन्हा धरला असेल असे गृहीत धरून शुभाने निलगिरीच्या तेलाची बाटली पाठवली आहे. ती गुडघ्यालाच लावावी (मागची बाटली तुम्ही छत्रीच्या काड्यांना लावलीत असे कळले). वहिनींचा खोकला कसा आहे? गाय व्यायली का? देवरुखच्या हवेत तुमचा राग जरा उतरतो असे वहिनी म्हणायच्या, तो अजून तसाच उतरत असावा अशी आशा करून पुढे लिहितो.

तुमचे कार्ड शनिवारी मिळाले. एवढ्या कोऱ्या कार्डावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, की मुलगी दाखवायच्या दिवशी मुलगी घरी का नव्हती. दादा, उत्तरही एका ओळीचेच आहे, पण ते तसे लिहिले तर तुम्ही पहिल्या गाडीने इकडे याल, म्हणून जरा लांबून येतो. मालाडच्या मंडळींनी तुमच्या कुंदाला पाहिली आहे, चांगली दीड तास पाहिली आहे, एवढे मात्र आधीच सांगून ठेवतो. त्यांनी ती कुठे पाहिली, हा प्रश्न वेगळा.

मी गिरणीतली नोकरी सोडून शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग चालवतो हे तुम्हाला माहीत आहे (आणि पसंत नाही, हेही मला माहीत आहे). माहुलला तेलाचे कारखाने झाल्यापासून तिकडे नव्या तऱ्हेची माणसे लागतात. तिथे म्हणे भिंतभर घड्याळे असतात, पण ती वेळ दाखवत नाहीत. टाकीतली पातळी, नळातला दाब, भट्टीतली उष्णता दाखवतात, आणि काटा भलतीकडे गेला की कुठली चावी किती फिरवायची हे माणसाला उमजावे लागते. पंधरा वर्षे बॉयलरची असली घड्याळे दुरुस्त केल्यावर हे मला शिकवता येईल असे वाटले. शाळेचे चिटणीस म्हणाले, पाटी मराठीत हवी. रंगारी काशीराम याने 'मोजमाप' झकास लिहिले आणि पुढच्या इंग्रजी शब्दाला मराठी सुचेना म्हणून तो तसाच ठेवला. अशा रीतीने श्रावणात शाळेच्या फाटकावर पाटी लागली: 'मोजमाप व कंट्रोल. प्रवेश सुरू.'

आता दादा, धान्याचे कंट्रोल पुन्हा येणार अशी आवई तेव्हा उठलेलीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फाटकापासून नाक्यापर्यंत माणसे पिशव्या घेऊन उभी. मी आपला आनंदाने नावनोंदणीची वही घेऊन बसलो. पहिल्या बाईंनी माणशी किती मिळणार असे विचारले. मी म्हणालो, माणशी सहा महिने. त्यांनी साखर की तांदूळ असे विचारल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यानंतर लोक मला जे बोलले ते या पत्रात लिहिण्याजोगे नाही. दहा मिनिटांत रस्ता मोकळा झाला, आणि रांगेच्या शेवटी दोन पिशव्या आणि आपले रेशनकार्ड घेऊन एकच मुलगी उरली. ती आपली कुंदा होती. शुभानेच तिला पाठवले होते (मी पाटी काय लावली हे माझ्या बायकोला ठाऊक नव्हते, यावरून घरात माझे किती ऐकले जाते ते तुम्ही ताडाल).

कुंदा आत आली आणि टेबलावरचा दाबमापक उचलून म्हणाली, "काका, हा काटा काहीच जोडलेलं नसताना दोनावर का?" दादा, तोवर त्या खोलीत येऊन गेलेल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाने मला हे विचारले नव्हते. मी तिला बसायला सांगितले. ती अजून बसलेली आहे.

हे तुम्हाला चार महिने कळवले नाही हा माझा गुन्हा आहे, पोरीचा नाही. तुम्ही तिला स्थळे पाहण्यासाठी पाठवलीत, आणि स्थळे पाहणे चालूच होते. पण स्थळ महिन्यातून एकदा यायचे आणि वर्ग रोज असायचा. माझी शिकवण्याची रीत साधी आहे. पहिल्या दिवशी बादलीभर पाणी तापवून प्रत्येकाने बोट घालायचे आणि कोमट झाले की सांगायचे. बारा जणांची बारा कोमटे निघाली. मग तापमापक घालून दाखवला, तर एकाच्या कोमटात आणि दुसऱ्याच्या कोमटात अकरा अंशांचा फरक. त्या दिवसापासून वर्गात 'अंदाजे' या शब्दाला बंदी आहे. तो ज्याच्या तोंडून निघेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांची हत्यारे पुसायची. कुंदाने आजवर एकदाही पुसलेली नाहीत. मी नऊ वेळा पुसली आहेत.

तर आठ तारखेचा रविवार. मालाडची मंडळी दहाला घरी येणार हे महिन्याभरापूर्वी ठरलेले. आणि शुक्रवारी निरोप आला की माहुलचे एक साहेब, देशपांडे म्हणून, रविवारीच साडेनऊला वर्ग पाहायला येतील, आवडला तर चौघांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतील. दादा, माझ्या वर्गात गिरणी कामगारांची पोरे आहेत. लवू परब आहे, त्याच्या बापाचा हात यंत्रात गेला आहे आणि घरात हाच थोरला. त्या चौघांच्या जागा मी एका दिवशीच्या पोह्यांसाठी सोडू शकत नव्हतो. कुंदा म्हणाली, पाच मिनिटे येते, यंत्र लावून देते आणि पळते. ती शुभाची मोरपिशी साडी नेसून, वेणी घालून शाळेत आली. यंत्र म्हणजे काय, तर एक पिंप, त्यात पाणी सोडणारी तोटी, आणि तरंगणारा तांब्याचा गोळा. पाणी चढले की गोळा चढतो, दांडा हलतो आणि तोटी आपोआप मिटते. पातळी आखलेल्या रेषेवर थांबते. एवढेच, पण चार महिन्यांची विद्या त्यात आहे.

साहेब साडेनऊऐवजी दहाला आले, आणि तोवर कुंदाही थांबून राहिली. इकडे दहाला मालाडचे लोक घरी पोचले, आणि मुलगी शाळेत आहे असे शुभाने सांगितल्यावर मुलाच्या आई, मालनबाई, म्हणाल्या की मग शाळेतच बघू, शाळा काय लांब आहे. मुलगा नंदकिशोर, त्याची आई आणि शुभा (हातात झाकलेल्या पोह्यांचे ताट) खोलीत शिरली तेव्हा साहेब कुंदाला प्रश्न विचारत होते. मालनबाईंना वाटले की साहेब दुसऱ्या स्थळाचे आहेत. त्यांनी खुर्ची ओढून साहेबांच्या शेजारीच मांडली आणि हरायचे नाही असे ठरवून प्रश्न सुरू केले. साहेबांना वाटले, या बाई शाळेच्या समितीवर असाव्यात. ते आदराने थांबू लागले.

साहेबांनी विचारले, दाब एकदम वाढला तर काय करशील? मालनबाईंनी विचारले, सासरी चारचौघांत वावरायची सवय आहे का? कुंदाने दोघांना मिळून उत्तर दिले, की आधी घाबरायचे नाही, मग मोठी चावी बंद करायची, आणि का वाढला ते नंतर शोधायचे. मालनबाई जरा विचारात पडल्या. मग त्यांनी आमटीत मीठ किती घालतेस असे विचारले.

"किती माणसांची आमटी? आणि डाळ किती?" कुंदा म्हणाली.

"अगं, अंदाजेच घालतात ना."

सगळा वर्ग एका सुरात हळहळला. लवूने सवयीने पुसण्याचे फडके उचलून मालनबाईंच्या हातात दिले. त्यांनी ते आदरसत्कार समजून मांडीवर पसरले.

मग साहेब म्हणाले, यंत्र चालू करा. लवूने नळ सोडला. पाणी रेषेपर्यंत आले, रेषा ओलांडली, आणि तोटी मिटायच्या ऐवजी आणखी उघडली. जितके पाणी जास्त, तितकी तोटी जास्त. सकाळी पुसताना लवूने दांडा काढून परत बसवला होता, तो उलटा. आमची वाट लागली हे मला कळले. पाणी पिंपावरून साहेबांच्या बुटांवर आले, तिथून नंदकिशोरच्या नव्या विजारीवर, आणि पोह्यांचे ताट शुभाने डोक्यावर धरले. कुंदाने पदर खोचला, बाकावर चढली, मोठी चावी बंद केली, खीळ काढली, दांडा फिरवून घातला, बुडाचे बूच काढून पाणी रेषेखाली जाऊ दिले, बूच बसवले आणि चावी परत सोडली. पाणी चढले, रेषेशी दोनदा मागेपुढे झाले आणि थांबले.

साहेबांनी विचारले, हे कोणी बसवले होते? कुंदा म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी." तेवढ्यात मागून लवू पुढे आला. म्हणाला, "नाय सायबानूं. चूक माझी आसा. दांडो मियां उलटो बसवलंय." दादा, त्या क्षणी मला त्या दोघांचा जितका अभिमान वाटला तितका मला माझ्या आयुष्यातल्या कुठल्याच गोष्टीचा वाटलेला नाही. साहेबांनी बुटांतले पाणी ओतून टाकले. मग म्हणाले की चूक करणारी माणसे कारखान्यात भरपूर आहेत, ती सांगणारी त्यांना पाहिजेत. चौघे घेतले. लवू पहिला. त्यानंतर सगळ्यांनी ओल्या बाकांवर बसून पोहे खाल्ले, आणि मालनबाईंनी साहेबांना त्यांचे गोत्रही विचारून घेतले.

असे झाले. मुलगी घरी का नव्हती, याचे उत्तर एवढेच. वहिनींना नमस्कार सांगावा आणि हे पत्र त्यांच्याकडून वाचून घ्यावे, म्हणजे मधल्या जागी त्या तुम्हाला पाणी देतील.

तुमचा आज्ञाधारक (पुष्कळसा),
मार्तंड

ता. क. सोबत एक छापील कागद आहे. चौघे घेतले असे वर लिहिले, त्यात तीन मुलगे आहेत. चौथे नाव कुंदा अनंत गोखले. प्रयोगशाळेत मापकांची तपासणी, सकाळी नऊ ते पाच, चेंबूरहून कारखान्याची गाडी. कागदावर वडिलांची सही लागते, काकाची चालत नाही (मी विचारून पाहिले). खूण केली आहे तिथे सही करावी. दोन जानेवारीच्या आत कागद परत पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. दादा, आयुष्यात मी तुमच्याकडे एवढे एकच मागतो आहे.

आणखी ता. क. मालाडचे पत्र आत्ताच आले. मुलगी पसंत आहे. मुलीने नोकरी केली तरी चालेल, असे मुलाने स्वतःच्या अक्षरात खाली लिहिले आहे. तुम्ही आनंदाने मुहूर्त काढायला बसाल, पण अजून बसू नये. कुंदाने ते पत्र दोनदा वाचले, घडी घालून ठेवले आणि म्हणाली, "मुलगा बरा वाटतो, काका. त्यांना लिहा, आमच्याकडून विचार करून कळवतो म्हणून."